रेडिओवरचं बेसबॉल, आणि बूथमध्ये मागे बसणारा माणूस

हुरॉनकाठ (रविवार, रात्री)

गेल्या महिन्यात आमचे शेजारी गेले. वय ८९. परवा त्यांच्या बायकोने मला हाक मारून गॅरेजमधलं एक खोकं हातात दिलं. "यातलं काही कळलं तर तुलाच कळेल," म्हणाली. आत एक जुना हेडफोन, राखाडी रंगाचा चार चॅनेलचा मिक्सर, हात लावला की चुरा होणारे माइकचे दोन फोम, काळ्या चिकटपट्टीचं अर्धं संपलेलं रीळ आणि सात इंची टेपचा एक डबा. डब्यावर पेन्सिलने ‘फक्त प्रेक्षक’ एवढंच लिहिलेलं.

हे गृहस्थ इथल्या एका छोट्या गावच्या रेडिओ स्टेशनात इंजिनियर होते. पस्तीस उन्हाळे त्यांनी बेसबॉलच्या मॅचेस ‘वाजवल्या’. शब्द त्यांचाच. मॅच खेळतात खेळाडू, सांगतो समालोचक, वाजवतो इंजिनियर, असं ते म्हणत. म्हणून हा धागा. इथे अमेरिकेत राहिलेले बरेच जण आहेत. रेडिओवर बेसबॉल ऐकलेलं असेल, किंवा त्या कामाशी कुणाचा संबंध आला असेल, तर लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. मी १९७२ च्या मे महिन्यात डेट्रॉइटला आलो. हॅमट्रॅमकमध्ये एका पोलिश आजींच्या घरी वरची खोली भाड्याने घेतली होती. गाडी नाही, टीव्ही नाही, संध्याकाळी बोलायला माणूस नाही. आजी जेवण आटोपून पुढच्या पायऱ्यांवर रेडिओ घेऊन बसायच्या, मीही जाऊन बसायला लागलो. समोरच्या घरातही तीच मॅच, कोपऱ्यावरच्या गॅरेजातही तीच. रस्त्याने चालत गेलं तर एक चेंडूसुद्धा चुकायचा नाही. स्टेशन डब्ल्यूजेआर, ७६० एएम, आणि आवाज डेट्रॉइटच्या टायगर्स संघाचे समालोचक अर्नी हार्वेल यांचा.

हार्वेल जॉर्जियाचे, त्यामुळे बोलण्याला दक्षिणेकडची सावकाश चाल. बॅटर तिसऱ्या स्ट्राइकवर बॅट न हलवता बाद झाला की ते म्हणायचे, रस्त्याकडेच्या घरासारखा नुसता उभा राहिला. फाऊल बॉल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला फटका, प्रेक्षकांत पडला की सांगायचे, इप्सिलँटीच्या एका माणसाने तो झेलला. पुढच्या वेळी सॅगिनॉचा माणूस, मग फ्लिंटचा. मला पुष्कळ दिवस वाटायचं, यांना एवढ्या लांबून गाव कसं कळतं! आजींनी सांगितलं, तो मनानेच गावाचं नाव घेतो, म्हणजे त्या गावातल्या लोकांना बरं वाटतं. मिशिगनची निम्मी गावं मला नकाशाआधी अशी कळली.

त्या वर्षी टायगर्सनी आपली डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आपला गट, जिंकली. मी तोवर एकही सामना डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, पण मैदान मला पाठ होतं. पुढे टायगर स्टेडियममध्ये पहिल्यांदा गेलो, तेव्हा डोळे मिटून बसावंसं वाटलं, कारण कानांना जे माहीत होतं ते सगळं तिथे होतं. बॅटचा तो कोरडा ‘टक्’, शेंगदाणे विकणाऱ्याची लांबवलेली आरोळी, आणि चेंडू उंच गेला की हजारो माणसांचा एकदम आत ओढलेला श्वास.

हे सगळं माझ्यापर्यंत कुणीतरी आणून पोचवत होतं. ते मला पंधरा वर्षांनी, शेजाऱ्यांची ओळख झाल्यावर कळलं. त्यावर उद्या लिहितो, आज हात दुखतोय.

केदार_ओहायो (सोमवार, सकाळी)

काका, शेजाऱ्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. धागा उत्तम, लिहीत राहा.

मी ८४ साली इंडियानात शिकायला आलो. आमच्या लॅबमध्ये रात्री काम करताना एक जुना रेडिओ असायचा. दिवसा त्यावर गावातली दोन-तीन स्टेशनं लागायची. सूर्य मावळला की सगळा देश आत यायचा: सिनसिनाटीचं डब्ल्यूएलडब्ल्यू ७०० वर, शिकागोचं डब्ल्यूजीएन ७२० वर, डेट्रॉइटचं ७६० वर, सेंट लुइसचं केएमओएक्स ११२० वर. सगळी ५०,००० वॅटची आणि सगळ्यांवर बेसबॉल. काटा केसभर सरकवला की दुसरं शहर, दुसरी मॅच.

कारण अगदी भौतिकशास्त्राचं आहे. दिवसा आयनांबराचा खालचा थर मध्यमलहरी शोषून घेतो. रात्री तो थर विरतो, लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर खाली उतरतात. सिलोन रात्री स्पष्ट लागायचं, ते आठवत असेल. तिथे लघुलहरी होत्या, पण तत्त्व त्याच कुळातलं.

डब्ल्यूएलडब्ल्यूने तर १९३४ ते १९३९ पाच लाख वॅटवर प्रक्षेपण केलं होतं. इतक्या शक्तीचं व्यापारी स्टेशन अमेरिकेत पुन्हा झालं नाही.

मी सिनसिनाटीचा झालो तो मार्टी ब्रेनमन आणि जो नक्सहॉल या समालोचक जोडीमुळे. नक्सहॉल १९४४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, सिनसिनाटीच्या रेड्स संघाकडून मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वात वरच्या स्तरावर, पिचिंग (चेंडूफेक) करून गेलेला माणूस. युद्धामुळे खेळाडू कमी पडले होते. नंतर २००४ पर्यंत तो माइकपुढे होता. आवाज खरखरीत, मध्येच चांगली दहा सेकंदं गप्प. त्या गप्पपणात मागचं मैदान ऐकू यायचं. मला तेव्हा वाटायचं की ते आपोआप येतं.

शरयू_लॉस_एंजेलिस (सोमवार, दुपारी)

गप्प बसण्याचा विषय निघाला म्हणून लिहिते.

मी ७९ साली लग्न होऊन आले. यजमान सकाळी सातला जायचे ते रात्री आठला परत. माझं इंग्रजी पुस्तकी, इथल्या माणसांचं बोलणं कानावरून जायचं. शेजारच्या बाईंनी सुचवलं की व्हिन स्कली ऐक. इथल्या डॉजर्स संघाचे समालोचक, १९५० पासून २०१६ पर्यंत, ६७ मोसम. ते एकटेच बोलायचे, सोबतीला दुसरा समालोचक नाही. त्यामुळे ते माझ्याशीच बोलताहेत असं वाटायचं. एखाद्या पिचरच्या आजोबांची गोष्ट सुरू करायचे, मध्ये दोन चेंडू, एक फाऊल, आणि गोष्ट बरोबर इनिंग संपताना संपायची. भाजी चिरता चिरता मी ती भाषा शिकले.

स्कलींनी मुलाखतींतून सांगितलेली एक आठवण मला फार आवडते. लहानपणी घरात पायांचा मोठा रेडिओ होता. ते त्याच्या खाली सरपटत जाऊन बसायचे, म्हणजे प्रेक्षकांची गर्जना डोक्यावरून अंगावर ओतल्यासारखी पडायची. मोठेपणी त्यांनी ती गर्जना कधी बोलण्याने झाकली नाही. ८ एप्रिल १९७४ ला अटलांटात हँक आरनने ७१५ वा होम रन मारून बेब रूथचा विक्रम मोडला. समोर डॉजर्स होते, म्हणून स्कली तिथे. चेंडू कुंपणापार गेल्याचं सांगून ते उठले, बूथच्या मागे गेले, पाणी प्यायले. रेडिओवर बराच वेळ फक्त लोकांचा आवाज. आता विचार करा, त्या वेळी मिक्सरवर हात कुणाचा होता? समालोचक गप्प बसू शकतो, कारण त्याला माहीत असतं की मागचा माणूस ती जागा सांभाळेल.

अजून एक. ९ सप्टेंबर १९६५, डॉजर्सचा पिचर सँडी कोफॅक्स याचा परफेक्ट गेम, म्हणजे समोरच्यांचा एकही बॅटर बेसवर पोचला नाही. त्या काळी मॅचेस आपोआप जतन होत नसत. स्कलींनी शेवटची इनिंग ध्वनिमुद्रित करून ठेवायला सांगितलं, पिचरला पुढे आठवण म्हणून देता यावी यासाठी. आणि बोलताना ते मुद्दाम तारीख आणि घड्याळातली वेळ सांगत राहिले, शेवटचा बॅटर बाद झाला तेव्हा रात्रीचे ९:४६. आज ती इनिंग आपण ऐकतो ती यामुळे.

१९५८ ला डॉजर्स ब्रुकलिनहून इथे आले तेव्हा आधी कॉलिसियममध्ये खेळायचे. ते मैदान खरं फुटबॉलचं, काही जागा इतक्या लांब की खेळाडू मुंगीएवढे. लोक ट्रान्झिस्टर घेऊन यायचे आणि समोर दिसणारा खेळ स्कलींकडून ऐकून घ्यायचे. हजारो ट्रान्झिस्टरांतून तोच आवाज निघून बूथच्या माइकमध्ये परत शिरायचा. इंजिनियरांना त्याचा बंदोबस्त करावा लागे.

हुरॉनकाठ (सोमवार, रात्री)

शरयूताई, किती सुंदर लिहिलंत. "ती जागा सांभाळेल" हेच मला सांगायचं होतं.

शेजाऱ्यांकडून ऐकलेलं जमेल तसं मांडतो. संध्याकाळी सातची मॅच असली तर ते चारला मैदानावर पोचत. आधी टेलिफोनची लाइन. मैदानापासून स्टेशनपर्यंत कंपनीकडून खास लाइन घेतलेली असे, कारण साध्या फोनवर ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. माणसाचं बोलणं कळतं, पण बॅटचा ‘टक्’ बोथट होतो. तो वरच्या पट्टीत राहतो. म्हणून लाइन जास्त रुंदीची आणि दोन्ही टोकांना समतोल साधलेली हवी. तरीही एक साधा फोन बूथमध्ये कायम तयार ठेवायचा. लाइन तुटली तर निदान बोलणं तरी जाईल.

मग माइक. समालोचकांचे माइक हा सोपा भाग. खरी कला प्रेक्षकांच्या माइकची. मैदानाच्या दोन बाजूंना, एक थर्ड बेसकडे, एक फर्स्ट बेसकडे. बूथच्या अगदी खाली लावायचा नाही, तिथे चार माणसं बसून बडबडतात आणि चार हजारांऐवजी त्या चौघांचाच आवाज येतो. आणखी एक माइक होम प्लेटकडे, म्हणजे बॅटर उभा असतो तिकडे, रोखलेला. पाऊस येणार असेल तर त्यावर काय बांधायचं, वारा सुटला तर काय, लाउडस्पीकरचा भोंगा कुठल्या दिशेला आहे, हे प्रत्येक मैदानाचं वेगळं गणित त्यांच्या वहीत होतं.

मॅच सुरू झाली की उजवा हात समालोचकावर, डावा प्रेक्षकांवर. चेंडू उंच गेला की डाव्या हाताने लोकांना वर आणायचं, पण समालोचक बुडता कामा नये. ते म्हणायचे, "मी चेंडूकडे बघतच नाही. मी त्याच्या खांद्यांकडे बघतो." समालोचक खुर्चीतून उठायला लागला की यांचा हात आधीच सरकलेला असे.

टायगर्सच्या बूथमधली एक गोष्ट त्यांना फार अभिमानाने सांगायला आवडे. हार्वेल यांचे १९७३ ते १९९१ चे सहकारी पॉल केरी समालोचन करायचेच, शिवाय प्रक्षेपणाची तांत्रिक बाजूही सांभाळायचे. बोलणारा आणि वाजवणारा एकच माणूस.

छोट्या स्टेशनांचं एक दुःख मात्र ते विसरले नाहीत. कितीतरी गावठाणी एएम स्टेशनांना परवाना फक्त दिवसाचा असे. सूर्यास्ताला प्रक्षेपण बंद, नाहीतर केदारने लिहिलंय तसं रात्री त्यांच्या लहरी लांबच्या स्टेशनांत घुसतील. त्यामुळे मॅच ऐन रंगात आणि यांनी बटण दाबून गप्प व्हायचं. लोक फोन करून रागवायचे. फोन घ्यायलाही हेच.

धायरीकर (मंगळवार, सकाळी)

मी बेसबॉल कधी पाहिलेलंही नाही, पण दोन दिवस हा धागा पुन्हापुन्हा उघडतोय.

आम्ही पुण्यात बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनावर वाढलो. "चेंडू सीमारेषेकडे" म्हणताना त्यांचा आवाज चेंडूबरोबर धावायचा. माझे मामा आकाशवाणीत तांत्रिक विभागात होते. हुरॉनकाठ यांनी लिहिलेलं वाचून ते समोर उभे राहिले. त्यांच्याकडेही दोन लाइनी असत, एक ‘प्रोग्राम लाइन’ आणि दुसरी ‘कंट्रोल लाइन’, केंद्रातल्या माणसाशी बोलायला. सामन्याच्या आदल्या दिवशी टेलिफोन खात्याच्या माणसाला चहा पाजून त्या दोन्ही तपासून घेणं हे मामांचं ठरलेलं काम. दिवसभर स्टेडियममध्ये असून त्यांनी एकही विकेट नीट पाहिली नसेल. घरी आल्यावर आम्ही विचारायचो, गावसकर कसा खेळला? ते म्हणायचे, "आवाज स्वच्छ गेला."

एक शंका: बेसबॉलमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये इतका वेळ जातो, तो भरतात कसा?

जुनी_कात्रणं (मंगळवार, दुपारी)

धायरीकर, तो वेळच रेडिओला मानवला असं मला वाटतं. त्या रिकाम्या जागेत माणूस गोष्ट सांगू शकतो.

इतिहासातलं थोडं जोडतो, कारण इंजिनियरचा धागा अगदी पहिल्या दिवसापासून आहे. मेजर लीगच्या मॅचचं पहिलं रेडिओ प्रक्षेपण ५ ऑगस्ट १९२१ ला पिट्सबर्गच्या केडीकेए स्टेशनवरून झालं. फोर्ब्स फील्डवर पिट्सबर्गच्या पायरेट्सनी फिलाडेल्फियाच्या फिलीजना ८-५ हरवलं. होम प्लेटमागच्या बॉक्समध्ये बसून, टेलिफोनचा माइक करून घेऊन बोलत होता हॅरल्ड आर्लिन, वेस्टिंगहाउस कंपनीतला तरुण इंजिनियर. म्हणजे पहिला समालोचक मुळात इंजिनियरच.

मग आला पुनर्निर्मितीचा काळ. बाहेरगावच्या मॅचला समालोचक पाठवणं आणि लाइन घेणं महाग, म्हणून मैदानावरून तारयंत्राने त्रोटक अक्षरं यायची. ‘एस-१-सी’ म्हणजे पहिला स्ट्राइक, बॅट न फिरवता. तारबाबू चिठ्ठी सरकवायचा आणि स्टुडिओतला माणूस ती मॅच डोळ्यांदेखत चालल्यासारखी रंगवायचा. लाकडावर काठी आपटून बॅटचा आवाज, तबकडीवरून गर्दी. रोनाल्ड रेगन तिशीच्या दशकात आयोवातल्या डब्ल्यूएचओ नावाच्या रेडिओ स्टेशनवर हेच काम करत. एकदा शिकागो कब्जची मॅच चालू असताना तार बंद पडली. मग त्यांनी बॅटरला एकामागून एक फाऊल मारायला लावले, कारण फाऊल धावफलकात नोंदला जात नाही. तार पुन्हा चालू होईपर्यंत कित्येक मिनिटं तो गडी फाऊलच मारत होता. राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही ते ही हकिगत सांगत.

शरयूताईंच्या डॉजर्समध्येच हाइमे हरीन होते. १९५९ ते २०२२ स्पॅनिश समालोचन. सुरुवातीची काही वर्षं बाहेरगावच्या मॅचेससाठी ते स्टुडिओत बसून कानाला इंग्रजी प्रक्षेपण लावायचे आणि तिथल्या तिथे स्पॅनिशमध्ये मॅच उभी करायचे.

२०२० मध्ये ही कला परत आली. मैदानं रिकामी, समालोचक आपल्याच शहरात पडद्यापुढे, आणि गर्दीचा आवाज व्हिडिओ गेमच्या साठ्यातून घेऊन मैदानात सोडलेला. कुठल्या चेंडूला किती आरोळी, हे पुन्हा बटणांवर बसलेल्या माणसाने ठरवायचं.

सतरावी_इनिंग (मंगळवार, मध्यरात्री)

इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय. आज लिहावंसं वाटलं.

आईवडिलांबरोबर मी १४ व्या वर्षी विस्कॉन्सिनला आलो. कॉलेजात असताना, ८७ च्या उन्हाळ्यात, मिल्वॉकीच्या ब्रूअर्स संघाच्या मॅचेस घेणाऱ्या एका लहान स्टेशनात रात्रपाळीला बोर्ड-ऑप होतो. समालोचक बॉब युकर. १९७१ पासून थेट २०२४ पर्यंत त्यांचा आवाज त्या राज्यात होता. २०२५ च्या जानेवारीत ते गेले तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन थांबलो होतो.

बोर्ड-ऑपचं काम असं: मॅच मुख्य केंद्राकडून येते. इनिंग संपली की समालोचक नेटवर्कचं ठरलेलं वाक्य म्हणतो आणि त्या क्षणी आपण आपल्या गावच्या जाहिराती सोडायच्या. जाहिराती ‘कार्ट’वर. डब्यातली टेप गोल फिरून स्वतःच सुरुवातीला येऊन थांबते. दर तासाच्या सुरुवातीच्या आसपास स्टेशनची अक्षरं आणि गावाचं नाव लावायचं, तो कायदा. ट्रान्समीटरचे आकडे वहीत लिहायचे. एवढं करून साडेतीन तास कान टवकारून बसायचं, कारण ते एक वाक्य चुकलं की गावभर कळतं.

एका रात्री नऊ इनिंगची मॅच लांबत लांबत सतराव्या इनिंगपर्यंत गेली. इमारतीत मी एकटा. रात्री साडेबाराला येणारा आवाज बंद. काहीच नाही, नुसती शांतता. मी चीफ इंजिनियरना घरी फोन लावला. ते म्हणाले, "मी बघतो. तोवर माइक उघड आणि लोकांना सांग." मी आयुष्यात माइकवर बोललो नव्हतो. माझे उच्चार तेव्हा पूर्ण आपले होते. मी म्हणालो, मॅच चालू आहे, आवाज तुटलाय, आमचे इंजिनियर काम करताहेत, कृपया थांबा. दर मिनिटाला तेच सांगत राहिलो. सहा मिनिटांनी चीफनी घरूनच कुणाकुणाला फोन करून साध्या टेलिफोनवर मॅच आणली. डब्यातून आल्यासारखा आवाज, पण आला.

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात एक शेतकरी आजोबा मला म्हणाले, "काल थांबायला सांगणारा तूच ना? मी थांबलो होतो." चीफचं नाव मात्र कुणी विचारलं नाही.

हुरॉनकाठ काका, तुमच्या खोक्यातल्या त्या टेपबद्दल एक विनंती: ती लगेच मशीनवर लावू नका. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपांचा बाइंडर दमटपणाने चिकट होतो. लावली तर थर खरवडून निघेल आणि आवाज कायमचा जाईल. आधी ती मंद उष्णतेवर, ५० ते ५५ अंशांवर, काही तास शेकावी लागते. घरच्या ओव्हनमध्ये नको. माझ्याकडे त्याची सोय आहे आणि चालू स्थितीतलं मशीनही. मी आता शिकागोजवळ असतो.

हुरॉनकाठ (बुधवार, पहाटे)

तुमचं लिहिणं वाचून झोप लागली नाही. बरं झालं सांगितलंत, मी शनिवारी लावूनच बघणार होतो. आता त्याऐवजी डबा घेऊन गाडीने येतो. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा. येताना शेजारीणबाईंनी केलेला चेरी पाय आणतोय.

शरयू_लॉस_एंजेलिस (बुधवार, सकाळी)

काय ऐकू आलं ते इथे नक्की लिहा. वाट बघतेय.

धायरीकर (बुधवार, सकाळी)

+१. आणि घाई करू नका.

हुरॉनकाठ (तीन आठवड्यांनी, रविवार)

टेप बचावली. ‘सतरावी इनिंग’ यांनी ती आठ तास शेकली, एक दिवस निवू दिली आणि मग एकदाच, पहिल्या फटक्यात, संगणकावर उतरवून घेतली. त्यांचे आभार इथे मानून पुरे होणार नाहीत.

३१ मिनिटं आहेत. समालोचन नाही. कुठली मॅच, कुठलं साल, काही कळत नाही. ऑर्गन वाजतो. एक पोरगा सोडा विकतोय, त्याचा आवाज लांबून जवळ येतो आणि परत लांब जातो. लहान मूल रडतं. बॅटचा ‘टक्’ अकरा वेळा मोजला. शेवटच्या पाच मिनिटांत पाऊस येतो, आधी पत्र्यावर मग सगळीकडे, आणि लोक हसत पळताना ऐकू येतात.

अगदी सुरुवातीला, ऑर्गनच्या आधी, माइकच्या फार जवळ शेजाऱ्यांचा आवाज आहे. तरुण आवाज. कुणाला तरी सांगताहेत: "थोडा डावीकडे. अजून थोडा. थर्ड बेसकडे. हां, तिथेच राहू दे."

काल संध्याकाळी शेजारीणबाईंना ऐकवलं. पाऊस संपेपर्यंत बसल्या. मग म्हणाल्या, सुरुवातीचं परत लाव.